माणिकचा स्लो बॉल

अहो, तुमच्या टीमला मी शिव्या घातल्या. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते.

सगळे दारावर आले होते. माणूस गेला की आपल्याकडं येतात तसे. चटईवर बसले, थोडं बोलले. मी आतल्या कोपऱ्यात, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडं. तुमचा कॅप्टन आत्याबाईंना सांगत होता की पंडित नाही तर फायनल खेळायची नाही, असं टीमनं ठरवलंय. बमरोलीवाल्यांना तसा निरोप देऊन टाकू. पंडितचा मान म्हणून. लोटन भाऊजी तुमचे सख्खे धाकटे भाऊ, तेही खाली बघून हो हो करत होते. आत्याबाईंना पोराचं दुःख कळतं, फायनल कुठून कळायची? त्या म्हणाल्या, तुम्हले जे बरं वाटी ते करा.

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यातूनच बोलले, "मान कसला? माणिकला घाबरता म्हणून सांगा ना सरळ. त्यांच्या नावाआड कशाला लपता?"

शेजारच्या शांताबेन माझा हात दाबत होत्या, गप बस म्हणून. कपाळ पुसलेल्या बाईनं असं बोलायचं नसतं हे मलाही कळतं. पण मी खोटं काय बोलले? अख्खा हिवाळा तुम्ही बमरोलीच्या त्या बॉलरला, माणिकला, बघण्यात घालवलात. ज्याच्यापायी ताटातली भाकर थंड व्हायची, त्याच्यासमोर उभंच राहायचं नाही, आणि वर म्हणायचं हा तुमचा मान! कॅप्टन उठताना चप्पल शोधत पुटपुटला की वहिनी दुःखात आहेत. होते ना दुःखात. दुःखात होते म्हणून काय माझी अक्कल गेली होती?

तुम्ही असता तर हसला असतात. नाही, आधी रागावला असतात, चार लोकांत बोललीस म्हणून, आणि मग कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं असतंत की माझ्या बायकोनं टीमची कशी हजेरी घेतली.

मी डावरी आहे हे माझ्या माहेरच्यांनी तुमच्यापासून लपवलं होतं. लहानपणी आईनं माझा डावा हात ओढणीनं कमरेला बांधून मला जेवायला बसवलेलं आहे. तुम्ही बघायला आलात तेव्हा पोहे उजव्या हातानं दिले, तो हात थरथरत होता, तर तुमच्या मामांनी म्हटलं पोरगी लाजाळू दिसते. सुरतला आले आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या खोलीत उंदीर निघाला. मी चप्पल उचलली आणि फेकली. डाव्या हातानं. लागली बरोबर. तुम्ही रात्रपाळी करून आडवे झाला होतात, ते ताडकन उठून बसलात. मला वाटलं झालं, आता ही गोष्ट गावाकडं साक्रीपर्यंत जाणार. तुम्ही म्हणालात, पुन्हा फेक. मी म्हटलं, उंदीर तर मेला. तुम्ही म्हणालात, उंदीर नाही गं, चप्पल फेक.

डाव्या हातानं वाढलेलं ताट आत्याबाई परत करायच्या. तुम्ही त्याच हातासाठी बाजारातून टेनिसचा बॉल आणलात. त्या दिवशी मला तुम्ही पहिल्यांदा आवडलात. हे कधी सांगितलं नाही तुम्हाला. नवऱ्याला असलं सांगायचं असतं हेच मुळात माहीत नव्हतं.

मग रोज सकाळी आपला तमाशा सुरू. तुम्ही पाळी करून यायचात, डोळे लाल, केसांत कापसाचा भुगा, आणि आंघोळीआधी गल्लीत बॅट घेऊन उभे. मी पदर खोचून समोरून पळत यायचे. नळावर हंडे लावून बसलेल्या बाया पाणी विसरून आपल्याकडं बघत बसायच्या. शांताबेन म्हणायच्या, अली सिंधू, तू तो बॉलर थई गई. आत्याबाई दार लावून घ्यायच्या.

मी मैदान कधी बघितलं नव्हतं. बायका तिथं जात नाहीत, हे तुमचं म्हणणं. मग तुम्ही सुटीच्या दिवशी जाऊन बॉलर बघायचात, घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायचात, आणि मी तुमची नक्कल करायची. आपल्या पांडेसऱ्यातले सगळे बॉलर मी अशा रीतीनं टाकलेत. एक उडी मारणारा होता, त्याच्यापायी माझा पाय मुरगळला. एकजण टाकायच्या आधी विठ्ठलाचं नाव घ्यायचा, तेही तुम्ही मला घ्यायला लावलंत. का तर म्हणे त्याचा श्वास नाव घेऊन झाल्यावर सुटतो, आणि बॅट तेव्हा उचलायची.

लोक मैदानावर बॅटिंग बघायला जातात. तुम्ही बॅट्समनकडं ढुंकून बघायचा नाहीत. आपली टीम खेळत नसेल त्या दिवशीही तुम्ही तिथंच. आधी बॉलरच्या पाठीमागं उभं राहायचं, मग बाजूला, मग चहाच्या गाडीपाशी, तो बुटाची नाडी कशी बांधतो ते बघत. विकेट काढल्यावर बॉलर काय करतो ते बघून उपयोग नाही, तेव्हा सगळे सारखेच नाचतात, असं तुम्ही म्हणायचात. मार खाल्ल्यावर काय करतो ते बघायचं. कोणी पुढचा बॉल अंगावर टाकतो, कोणी घाबरून बाहेर टाकतो, कोणी पॅन्टला हात पुसत बसतो. राग प्रत्येकाचा ठरलेला असतो, तो एकदा पाठ झाला की माणूस आपला. हे ऐकून मी एकदा विचारलं होतं की माझा राग पाठ झालाय का. तुम्ही म्हणालात, तुझा अजून चालू आहे.

लग्नात गेलो तरी तेच. लोक नवरी बघतायत, तुम्ही वाढप्याकडं बघताय, कारण तो कुठल्याशा टीमचा बॉलर आणि तो वरणाचा डाव कुठल्या बोटांत धरतो ते तुम्हाला बघायचंय. माझ्या नाकातली चमकी हरवली ते तुम्हाला कळलं नाही. मी मुद्दाम सांगितलं नाही. कधी लक्षात येतं ते बघत होते. आलंच नाही. शेवटी शांताबेननी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मला वाटलं काहीतरी बदललंय. हो, वाटलं होतं म्हणे.

पण तो पलसाण्याचा रंगारी, ती गोष्ट मात्र मी अजून माहेरी सांगते. कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम, बोटांच्या टोकांचा निळा रंग काही केल्या जायचा नाही. तुम्ही लांबूनच ओळखलंत की बॉलवर त्याची निळी बोटं दिसतात. दोन बोटं जवळ असली तर सरळ, फाकलेली असली तर आत येणार. बिचाऱ्यानं किती बॉल टाकले आणि तुम्ही किती मारले! त्या दिवशी शेवटपर्यंत त्याला कळलं नाही की आपली बोटंच फितूर आहेत.

आणि पुढच्याच वेळी तुमची फजिती. तुम्ही हिशेब केला की त्याची रात्रपाळी चालू आहे, रात्रभर उभा राहून येईल, शेवटी शेवटी खांदा पडेल, तोवर जपून खेळायचं. सगळ्या टीमला तसं बजावलंत. आणि पंधरवडा पलटला होता हे साहेब विसरले. पाळी बदलली होती. गडी रात्रभर झोपून, न्याहारी करून, हातावर चक्क लिंबू चोळून आला, आणि पहिल्याच बॉलला तुमचा दांडा उडाला. ज्याचं सगळं आयुष्य पाळीवर चालतं तोच पाळी विसरला! मी हसले तर तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जगभरच्या पाळ्या लिहायला सुरुवात केलीत, आमची एकादशी कुठं ते दिसेना.

आता माणिक.

नांदेडकडचा, बमरोलीला माग चालवतो, डावखुरा. फास्ट टाकतो. पण फास्टची भीती कोणालाच नव्हती. त्याच्या स्लो बॉलची होती. तसाच पळत येतो, तसाच हात फिरतो, आणि बॉल येतच नाही. बॅट फिरून जाते, मग येतो. तुम्ही पाठीमागून बघितलं, बाजूनं बघितलं, झाडावर चढून बघितलं. मनगट बघत राहिलात. घरी येऊन मला म्हणायचात, मनगटात काहीतरी असणारच, हात सुटताना दिसलंच पाहिजे. मला तो बॉल टाकायला शिकवलात. बॉल बोटांत नाही धरायचा, तळहातात खोल कोंबायचा, आणि हात मात्र जोरात फिरवायचा. मी महिनाभर तेच करत होते. बॉल कधी गटारात, कधी शांताबेनच्या हंड्यात.

पण जमला तेव्हाही तुम्ही प्रत्येक वेळी ओळखायचात आणि मारायचात. मी चिडून विचारलं, माणिकचा कळत नाही आणि माझा बरा कळतो? तुम्ही म्हणालात, "तुझ्या बांगड्या सांगतात. फास्ट टाकताना पळतेस तेव्हा वाजतात. स्लो टाकायचा असला की वाजत नाहीत."

खरंच होतं ते. बॉल तळहातात नीट बसावा म्हणून मी हात जपायचे, आणि दोन्ही हात गप्प व्हायचे.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, मग हात सुटायच्या आधीच कळलं ना तुम्हाला? तुम्ही मनगट बघतच नव्हतात. मग माणिकचंही मनगट सोडा, आधीचं बघा. जपून काम करणारा माणूस आधी कुठंतरी गप्प होतो. सुईत दोरा घालणारी बाई बघा, दोरा जायच्या आधी मान थांबते तिची. तुम्ही म्हणालात, ते तुझ्या बांगड्यांमुळं कळतं. माणिक काय बांगड्या घालतो? मी म्हटलं, मला एकदा घेऊन चला. तुम्ही दाखवता तो माणिक तुम्ही बघितलेला आहे. तुम्हाला जे दिसलं नाही ते तुमच्या नकलेत कुठून येणार? मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या.

तुम्ही म्हणालात, बघू.

तुमचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तरी हिवाळाभर मी मागं लागले आणि तुम्ही हिवाळाभर बघू म्हणालात. कारखान्यातले काय म्हणतील, मैदानावर सगळी पोरंटोरं, शिव्या देतात, तू कुठं उभी राहशील. आत्याबाई पडद्यापलीकडं झोपलेल्या असायच्या आणि आपण हळू आवाजात भांडायचो. मागावरच्या धोट्याकडं बघून बघून माझा डोळा तयार झालाय, मला सुटत नाही काही, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, धोटा बघून डोळा तयार होत असता तर सगळ्या पांडेसऱ्यानं सेंच्युऱ्या मारल्या असत्या.

मग कावीळ झाली. अंगावर काढलीत. तेही 'बघू'च. मी त्याबद्दल आता बोलणार नाही, बोलायला लागले तर भांडणच होईल, आणि भांडायला समोर कोणी लागतं. दवाखान्यात पिवळे डोळे घेऊन पडला होतात तेव्हाही छताकडं बघत मनगट फिरवत होतात. मी म्हटलं, बरे व्हा, मग मला न्यायचं बमरोलीला, आता ऐकणार नाही. तुम्ही म्हणालात, बघू. पण तेव्हा हसलात. त्या एका 'बघू'चं काय करू मी? ते नेहमीचं होतं की तेवढं एक खरं होतं? रोज विचार करते. उत्तर देणारा गेला.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. माणिक आला होता.

हो, दारावर. टीमला मी फैलावर घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. बमरोलीचे तिघं-चौघं आले, त्यात तो. मला माहीतच नव्हतं कोण ते. लोटन भाऊजींनी आत्याबाईंना सांगितलं की हा माणिक, तेव्हा मी पदराआडून मान वळवली. तुमच्या नकलेत तो सहा फुटी राक्षस होता. प्रत्यक्षात शिडशिडीत, कानात बाळी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आत्याबाईंना म्हणाला, "मावशी, पंडितदादा माज्याकडं लई बगायचे. मला भ्या वाटायचं त्यांचं." तुमच्याबद्दल इतक्या लोकांनी इतकं काय काय सांगितलं त्या दिवसांत, पण मला तेवढंच पटलं.

तुम्हाला जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावलेला होता. दारातून वारं यायला लागलं, ज्योत आडवी झाली. कोणाचं लक्ष नव्हतं. माणिक उठला, डाव्या हातात दिवा उचलला आणि पेटीच्या आडोशाला नेऊन ठेवला. पाचसहा पावलांचं अंतर. आणि मी बघितलं की दिवा जपताना त्याचा दुसरा हात, उजवा, अंगाला चिकटला. खोलीत येताना तो हात चांगला झुलत होता. दिवा ठेवला आणि परत फिरला, पुन्हा झुलायला लागला.

मनात म्हटलं, ह्याच्या बांगड्या सापडल्या.

मग स्वतःचीच लाज वाटली. माणूस तुमचा दिवा वाचवतोय आणि मी त्याची चोरी करतेय. पण खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? तुम्ही तर वरणाच्या डावावरून बॉल ओळखणारे. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले आणि जे बघितलं ते ठेवून घेतलं.

सुतक संपलं, गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला. टीमनं बमरोलीला नकार काही कळवला नाही, फायनल ठरल्या दिवशीच होती. माझा भाऊ मला न्यायला आलेला, आता अखाजीच्या सणापर्यंत माहेरी चल म्हणाला. मी म्हटलं, अखाजीला येईन, आधी फायनल आहे. त्यानं आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी माझ्याकडं. मी लोटन भाऊजींना निरोप दिला की सकाळी बॅट घेऊन या. ते आले, पण गल्लीत उभे राहायला तयार होईनात. लोक काय म्हणतील, वहिनी. मी म्हटलं, लोक नळावर आहेत, काय म्हणायचं ते म्हणून घेतील, तुम्ही गार्ड घ्या.

तुम्ही होतात तेव्हा नळावर हसायच्या त्या सगळ्या हंड्यांकडं बघत बसल्या. मी पदर खोचला आणि पळत गेले. अहो, काय सांगू, आवाजच नाही. हात मोकळे. कसलाही बॉल टाका, हात सारखेच मुके. पहिल्याच स्लो बॉलला भाऊजींची बॅट आधी फिरून गेली आणि मागची बादली आडवी झाली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला ते म्हणाले, वहिनी, काही कळत नाही हो. मी रस्त्यात उभी राहून रडले. लपवून नाही, सगळ्यांसमोर. मग नाक पुसलं आणि सांगितलं, माझा उजवा हात बघा. पळताना झुलतोय का बघा. मनगट सोडा.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. दार लावलं नव्हतं त्यांनी.

पण हे सगळं एका दिव्यावर उभं होतं. दिवा जपतो तसा तो बॉल जपत असेल कशावरून? ते मैदानावरच बघायला हवं होतं. बमरोलीची टीम सुटीच्या दिवशी प्रॅक्टिस करते हे तुमच्या कॅलेंडरवर होतंच. मी आत्याबाईंना सांगितलं की मी जाऊन येते. सरळ सांगितलं, कुठं आणि कशाला. म्हटलं आता काय व्हायचं ते होऊ दे. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग ताट बाजूला सारलं.

"मन्हा आंडोरनं काम राहेल शे," त्या म्हणाल्या. "मी येस तुनासंगे."

पोराचं राहिलेलं काम करायला आम्ही सासू-सुना बमरोलीच्या मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो, रिक्षाची वाट बघतोय असं दाखवत. रिक्षा थांबायच्या, आम्ही नको म्हणायचो. बायका बघून कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्याही असतील, मिलच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत. एवढ्यासाठी तुम्ही हिवाळा घालवलात! माणिक पळत येत होता, उजवा हात झुलत होता. फास्ट. पुन्हा झुलत होता. फास्ट. आणि मग एकदा निघाला तो हात झुललाच नाही. मी आत्याबाईंचा दंड धरला आणि म्हटलं, आता हळू येणार. आला. हळू. बॅट्समनची बॅट आधी फिरली. थोड्या वेळानं पुन्हा हात गप्प, मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तसाच आला. आत्याबाई माझ्याकडं डोळे मोठे करून बघायला लागल्या. तुले कसं समजनं, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या मुलानं शिकवलं. ते खरंही आहे. मनगट बघायचं हे तुमचं चुकलं, पण माणसाकडं इतकं निरखून बघायचं असतं हे तुम्ही शिकवलंत. नाहीतर मी दिवा बघितला असता, हात नाही.

फायनलचं आधीच सांगते. हरलो. तुम्हाला उत्सुकतेत ठेवत नाही, तुम्ही तेवढ्यासाठी भुतासारखे येऊन बसाल. थोडक्यात हरलो. भाऊजी चांगले खेळत होते, पण एक स्लो बॉल मारल्यावर त्यांना चव लागली, ते त्याचीच वाट बघत राहिले, आणि माणिकनं फास्ट टाकून दांडा काढला. बघणं आलं, धीर यायचा बाकी आहे. कॅप्टन माझ्यासमोर यायला तयार नव्हता. मी बोलावून सांगितलं की हरलात त्याचं काही नाही, उभे राहिलात ना. आणि हेही सांगितलं की पुढच्या वेळी समोर जो कोण असेल त्याला बघायला मी जाणार. तुम्ही नाही म्हणाला असतात. नसतातही म्हणाला, काय माहीत.

माणिक आत्याबाईंच्या पाया पडायला आला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "वैनी, त्यो बॉल वळखून मारला त्यानं. कुनी सांगितलं?" मी म्हटलं, आमच्या घरातली गोष्ट आहे. तो मान हलवून गेला. त्याला आता झोप येणार नाही, आणि तुमच्या वतीनं मला त्याचा फार आनंद झाला.

तो एक बॉल मात्र तुम्हाला सांगायलाच हवा. आम्ही बाभळीखाली गोणपाट टाकून बसलो होतो. माणिक निघाला. मी बॉलकडं बघतच नव्हते, बॅटकडंही नाही. उजवा हात अंगाला चिकटला. मी उठून उभी राहिले. लांबून भाऊजींचे खांदे दिसत होते, ते हलले नाहीत. बॅट वर गेली आणि वरच थांबली. बॉल यायला इतका वेळ लागला की मला वाटलं भाऊजी विसरले, आता आऊट होतात. आणि मग त्यांनी मारला. मिलच्या भिंतीवरून पलीकडं. सगळी टीम ओरडत आत धावली.

मी जिंकले होते. अख्ख्या हिवाळ्याचं भांडण मी एका बॉलवर जिंकले होते, आणि मी वळून म्हणाले, "बघितलं? आधीच कळतं म्हणत होते ना मी?"

वळले तिथं तुम्ही नव्हतात. आत्याबाई होत्या. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. पण पडद्यापलीकडं त्या कधी झोपलेल्याच नव्हत्या, आपलं सगळं भांडण त्यांनी रोज ऐकलं होतं. त्यांनी मैदानाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"देखं बेटा," त्या म्हणाल्या. "तुन्हंच खरं व्हतं."